मिलिमीटरभर मायक्रोवेव्ह प्लाझ्मा कसा मोजावा: आधी वॉट, मग वायूचं तापमान, इलेक्ट्रॉन त्यानंतर

प्रश्न थोडक्यात असा आहे. २.४५ गिगाहर्ट्झच्या रेझोनेटरच्या (मायक्रोवेव्हचं क्षेत्र अनुनादाने वाढवणाऱ्या रचनेच्या) फटीत, वातावरणाच्या दाबाला, आर्गॉनचा साधारण मिलिमीटरभर प्लाझ्मा, म्हणजे इलेक्ट्रॉन सुटे झालेला वायू, पेटतो. मिनिटाला एक लिटर वायू सोडलेला आहे आणि पॉवर मीटर वीस वॉट दाखवतो. हाताशी तळहाताएवढा फायबरवाला स्पेक्ट्रोमीटर आहे. इलेक्ट्रॉनची घनता आणि इलेक्ट्रॉनचं तापमान मोजायचं आहे, त्यासाठी लँगम्युअर प्रोब (प्लाझ्मात घालून विद्युतप्रवाह मोजायची बारीक तार) करून घ्यावा का?

प्रोब करून घेऊ नका. लँगम्युअर यांनी १९२८ मध्ये 'प्लाझ्मा' हे नाव दिलं त्याच्याही आधीपासून ते प्रोब वापरत होते, पण त्यांच्या नळ्यांमधला दाब फार कमी होता. प्रोबभोवतीचं आवरण इलेक्ट्रॉन आणि आयन न धडकता ओलांडतात, हे त्या सगळ्या गणिताचं गृहीतक आहे. तुमच्या प्लाझ्मात घनता घनमीटरला १०^२० आणि इलेक्ट्रॉनचं तापमान १ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (सुमारे ११,६०० केल्विन) धरलं, तर डीबाय लांबी, म्हणजे त्या आवरणाच्या जाडीचं माप, ०.७ मायक्रोमीटर येते, आणि आयन तेवढं अंतर जाण्याआधीच वायूच्या अणूवर आदळतो. गृहीतक तिथेच मोडतं. शिवाय हाताळता येईल अशी सर्वांत बारीक तार घेतली तरी ती प्लाझ्माच्या एक दशांश भरते. आणि मायक्रोवेव्हच्या क्षेत्रात घातलेली धातूची तार म्हणजे अँटेना. ती आत गेली की रेझोनेटरची वारंवारता सरकते, प्लाझ्मा तारेकडे ओढला जातो, आणि तुम्ही जे मोजता ते तार घातल्यावर तयार झालेलं काहीतरी वेगळंच असतं. दाब एखाद्या टॉरच्या (वातावरणाच्या दाबाच्या ७६० व्या भागाच्या) खाली असेल आणि प्लाझ्मा काही सेंटिमीटरचा असेल तर प्रोबबद्दल मी वेगळं बोलले असते.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. इलेक्ट्रॉनपासून सुरुवात करणं म्हणजे आधी कळस, मग पाया. इतक्या लहान प्लाझ्मात इलेक्ट्रॉनबद्दलचा प्रत्येक आकडा वायूच्या तापमानावर टेकलेला असतो, आणि वायूचं तापमान खरं की खोटं हे शोषलेल्या वॉटांवरून तपासता येतं. म्हणून वॉटांपासून सुरू करा.

तुमचा मीटर दाखवतो ते वीस वॉट जाणाऱ्या आणि परतणाऱ्या शक्तीची वजाबाकी असतील. ती शक्ती रेझोनेटरमध्ये गेली, प्लाझ्मात गेली असं नाही. तांब्यात, डायइलेक्ट्रिकमध्ये, मायक्रोस्ट्रिप (पाटीवर छापलेली तांब्याची पट्टी) असेल तर उघड्या कडांवरून बाहेरही काही जाते. केबलमध्ये अर्धा डेसिबल गेला तरी अकरा टक्के संपले. शिवाय कपलरची डायरेक्टिव्हिटी (जाणारी आणि परतणारी शक्ती वेगळी ओळखण्याची क्षमता) २० डेसिबल असेल आणि खरी परतलेली शक्ती एक टक्का असेल, तर लहरींची कला (फेज) कशी जुळते त्यावर मीटर शून्यापासून चार टक्क्यांपर्यंत काहीही दाखवू शकतो. जुळणी जितकी चांगली, तितका परतलेल्या शक्तीचा आकडा अविश्वसनीय होत जातो.

यावर मी वापरते तो उपाय साधा आहे. रेझोनेटरच्या कडेला, प्लाझ्मापासून दूर, अगदी सैल जोडलेला छोटा लूप बसवा. आधी प्लाझ्मा न पेटवता, पेटण्याच्या मर्यादेच्या बऱ्याच खाली, ज्ञात शक्ती द्या आणि लूपवरची शक्ती टिपा. प्लाझ्मा नसताना दिलेलं सगळं रेझोनेटरच खातो, त्यामुळे लूपवर इतकं असेल तर रेझोनेटर किती खातो हे गुणोत्तर मिळालं. मग प्लाझ्मा पेटवा. लूपवरचं वाचन घ्या, त्यावरून रेझोनेटरचा वाटा काढा, उरलेलं प्लाझ्माचं. क्षेत्राचा आकार प्लाझ्मामुळे फार बदलत नाही एवढी एक अट आहे, आणि मिलिमीटरभर प्लाझ्मासाठी ती बहुधा पाळली जाते. पेटल्यावर अनुनाद वारंवारता सरकते, तेव्हा स्रोताची वारंवारता नव्याने जुळवून मगच वाचन घ्या. लूप इतका सैल असू द्या की तो काढला-घातला तरी प्लाझ्मावर काही फरक दिसू नये.

याच टप्प्यावर फोटोडायोड लावा आणि प्लाझ्माचा प्रकाश ऑसिलोस्कोपवर बघा. हे मी आग्रहाने सांगते, कारण एकदा यात माझे काही आठवडे गेले. वर्णरेषेवरून येणारी घनता आणि शोषलेल्या वॉटांचा हिशेब कितीतरी पटींनी जुळत नव्हता. स्पेक्ट्रोमीटर पुन्हा पुन्हा कॅलिब्रेट केला, वायूच्या बाटल्या बदलल्या. शेवटी फोटोडायोड लावला तेव्हा दिसलं की मॅग्नेट्रॉनचा वीजपुरवठा अर्ध्या लहरीचा होता, आणि मेन्सच्या प्रत्येक आवर्तनात प्लाझ्मा एकदाच उजळून विझत होता. डोळ्याला तो स्थिर दिसत होता. वर्णरेषेला प्रकाशाच्या तीव्रतेनुसार वजन मिळतं, म्हणून ती शिखरावरची घनता सांगत होती, तर पॉवर मीटर सरासरी सांगत होता. दोन्ही वाचनं खरी होती, फक्त वेगवेगळ्या क्षणांची होती. शक्य असेल तर सॉलिड स्टेट अँप्लिफायर वापरा. मॅग्नेट्रॉनच असेल तर स्पेक्ट्रोमीटरच्या कॅमेऱ्याचं गेट (प्रकाश घेण्याचा क्षण) पुरवठ्याशी जुळवून घ्या.

आता वायूचं तापमान. सर्वांत सोयीचा मार्ग म्हणजे रेणूंच्या प्रकाशपट्ट्यांमधली रोटेशनल रचना, म्हणजे रेणू किती वेगाने फिरतात त्यानुसार येणाऱ्या बारीक रेषा. आर्गॉनमध्ये पाण्याची वाफ लेशमात्र तरी असतेच, त्यामुळे ३०९ नॅनोमीटरजवळचा ओएच रॅडिकलचा पट्टा बहुतेक वेळा आपोआप मिळतो. हवा मिसळत असेल तर नायट्रोजनचा ३३७.१ नॅनोमीटरचा पट्टाही दिसतो. वातावरणाच्या दाबाला धडका इतक्या वारंवार होतात की रेणूची रोटेशनल ऊर्जा वायूच्या तापमानाशी जुळलेली असावी अशी अपेक्षा असते. ही अपेक्षा तपासून घ्यावी लागते. आर्गॉनच्या मेटास्टेबल (ऊर्जा बराच काळ धरून ठेवणाऱ्या उत्तेजित) अणूकडे सुमारे ११.५५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असतात आणि नायट्रोजनची ती उत्तेजित पातळी ११.०३ वर आहे. मेटास्टेबल अणू नायट्रोजनला धडकून ऊर्जा देतो तेव्हा रेणू जन्मतःच वेगाने फिरत असतो, आणि धडकांनी शांत होण्याआधी प्रकाश टाकून मोकळा होतो. म्हणून शुद्ध आर्गॉनमध्ये नायट्रोजनचा पट्टा अनेकदा खऱ्यापेक्षा जास्त तापमान सांगतो. ओएचमध्येही हा दोष आहे, पण तो आलेखावर डोळ्यांना दिसतो. बोल्ट्झमान आलेखाला (पातळीची ऊर्जा आणि रेषेच्या तीव्रतेचा लॉगरिदम यांचा आलेख, ज्याच्या उतारावरून तापमान निघतं) दोन उतार येतात, खालच्या रोटेशनल पातळ्यांचा एक आणि वरच्यांचा दुसरा. खालच्या पातळ्यांचा उतार घ्या. सगळ्या बिंदूंमधून एकच रेषा ओढली तर काही हजार केल्विनचे भलतेच आकडे निघतात.

जो आकडा येईल तो उष्णतेच्या हिशेबाला लावून बघा, हे फार थोडे लोक करतात. एक मिलिमीटर व्यासाचा आर्गॉनचा गोळा भोवतालापेक्षा १००० केल्विनने गरम असेल, तर शांत वायूतून वहनाने त्यातून फक्त ०.२ वॉटच्या आसपास बाहेर जाते. आर्गॉन उष्णतेचा इतका मंद वाहक आहे. मग तुमचे उरलेले वॉट जातात कुठे? मिनिटाला एक लिटर आर्गॉन पूर्णच्या पूर्ण १००० केल्विनने तापवायला सुमारे १५ वॉट लागतात, म्हणजे वायूचा प्रवाह हा मोठा वाटेकरी असू शकतो. पण फटीतून जाणारा सगळा वायू प्लाझ्मातून जात नाही, बराचसा बाजूने निसटतो. जवळ थंड भिंत असेल तर वहनही पुष्कळ वाढतं. इलेक्ट्रोडची उष्णता, भिंतीची उष्णता, बाहेर पडणाऱ्या वायूचं तापमान, एवढं ढोबळ मानाने मोजलं तरी हिशेब जुळतो की नाही ते कळतं. दुपटीचा फरक मी चालवून घेते. दहापट फरक आला तर वॉट तरी चुकलेत, तापमान तरी, नाहीतर प्लाझ्माचा आकार. हेलियमची उष्णतावाहकता आर्गॉनच्या आठ-नऊ पट आहे, त्यामुळे तेवढ्याच शक्तीला हेलियमचा प्लाझ्मा बराच थंड असतो. दोन्ही वायूंत मोजून हा फरक दिसतो का ते पाहणं ही चांगली परीक्षा आहे. तापमानासाठी थर्मोकपल मात्र आत घालू नका, त्याचीही अँटेनाच होते.

इथवर आल्यावर इलेक्ट्रॉनच्या घनतेकडे वळता येतं. तुमच्या परिस्थितीत हायड्रोजनची एच-बीटा रेषा, ४८६.१३ नॅनोमीटर, हाच राजमार्ग आहे. भोवतालचे इलेक्ट्रॉन आणि आयन आपल्या विद्युतक्षेत्राने ही रेषा रुंद करतात, यालाच स्टार्क रुंदी म्हणतात. गिगोसोस आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दिलेल्या सूत्रानुसार घनता १०^२३ असताना एच-बीटाची अर्ध्या उंचीवरची रुंदी ४.८ नॅनोमीटर असते, आणि ती घनतेच्या सुमारे ०.६८ व्या घाताने बदलते. म्हणजे १०^२१ ला ०.२१ नॅनोमीटर आणि १०^२० ला ०.०४३ नॅनोमीटर. तुमच्या तळहाताएवढ्या स्पेक्ट्रोमीटरची स्वतःची रुंदी एक नॅनोमीटरच्या आसपास असते. त्यातून हे दिसणार नाही, कितीही फिटिंग केलं तरी. अर्धा ते एक मीटर फोकल लांबीचा, मिलिमीटरला २४०० रेघांच्या ग्रेटिंगचा स्पेक्ट्रोमीटर काही दिवसांसाठी मिळवा.

आता वायूच्या तापमानाला मी पाया का म्हणते ते बघा. मोजलेल्या रुंदीत स्टार्क एकटा नसतो. हायड्रोजनच्या अणूंच्या गतीमुळे येणारी डॉपलर रुंदी १००० केल्विनला ०.०११ नॅनोमीटर असते. आर्गॉनच्या अणूंच्या सहवासाने येणारी व्हॅन डर वाल्स रुंदी त्याच तापमानाला काही शतांश नॅनोमीटर, म्हणजे १०^२० च्या स्टार्क रुंदीच्या बरोबरीची. ती तापमानाच्या ०.७ व्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलते. वायू १००० केल्विनचा असताना तुम्ही ५०० धरला, तर व्हॅन डर वाल्सचा वाटा दीडपटीहून जास्त वजा कराल, आणि स्टार्कसाठी जेमतेम निम्मं उरेल. उपकरणाची रुंदी कमी दाबाच्या दिव्याच्या रेषेवरून, त्याच झिरीच्या रुंदीला मोजा. फॉइट आकार (लोरेंट्झ आणि गॉस आकारांचं मिश्रण) बसवताना लोरेंट्झ प्रकारच्या रुंदी सरळ बेरजेने आणि गॉस प्रकारच्या वर्गांच्या बेरजेने मिळवतात, हे विसरून सगळ्या सरळ वजा करणारे अहवाल मी बरेच पाहिले आहेत. घनता १०^१९ च्या आसपास असेल तर एच-बीटा सोडून द्या. स्टार्क रुंदी ०.००९ नॅनोमीटर उरते आणि रेषेची सूक्ष्म रचनाच तेवढी असते.

हायड्रोजन किती घालायचा? शक्यतो घालूच नका, पाण्याच्या वाफेतून मिळणारा पुरला तर उत्तम. घालावाच लागला तर एक टक्क्याच्या कितीतरी खाली ठेवा, आणि प्रमाण अर्धं करून रुंदी बदलते का ते बघा. हायड्रोजन आर्गॉनचे मेटास्टेबल अणू मारतो आणि प्लाझ्मा आक्रसतो. रुंदी बदलत असेल तर तुम्ही हायड्रोजन घातल्यानंतरचा प्लाझ्मा मोजताय. एच-आल्फा जास्त तेजस्वी असते म्हणून मोह होतो, पण तिची स्टार्क रुंदी बरीच कमी आणि आत्मशोषणाचा (प्लाझ्माने स्वतःचाच प्रकाश गिळण्याचा) धोका जास्त. आर्गॉनच्या ८११.५ नॅनोमीटरसारख्या रेषांतही आत्मशोषण जबर असतं. प्लाझ्माच्या मागे अंतर्वक्र आरसा ठेवा. आरशाने सगळ्या रेषा सारख्याच पटीने वाढायला हव्यात, जी कमी वाढते ती रेषा स्वतःला गिळते आहे.

तुमच्या प्रश्नात एक गृहीत दडलेलं असू शकतं, कारण ते अनेकांच्या डोक्यात असतं: २.४५ गिगाहर्ट्झची क्रांतिक घनता ७.४ × १०^१६ आहे, म्हणून मायक्रोवेव्ह त्याहून दाट प्लाझ्मात शिरत नाहीत. हे धडका नसलेल्या प्लाझ्मासाठी खरं आहे. तुमच्याकडे इलेक्ट्रॉन सेकंदाला सुमारे १०^११ वेळा धडकतो, तर लहरीची कोनीय वारंवारता १.५ × १०^१० आहे. लहरीचं एक आवर्तन पुरं होण्याआधी इलेक्ट्रॉन कित्येकदा धडकलेला असतो. असा प्लाझ्मा आरशासारखा वागत नाही, तो एक वाईट वाहक, म्हणजे रोधक असतो. घनता १०^२० धरून त्वचा-खोली (क्षेत्र किती आत शिरतं ते अंतर) काढली तर दोन मिलिमीटरच्या आसपास येते, म्हणजे क्षेत्र तुमच्या प्लाझ्माच्या आरपार जातं. रेझोनेटरची वारंवारता किती सरकली आणि क्यू (अनुनादाची तीक्ष्णता) किती पडला यावरून घनता काढायची पद्धत याच कारणाने इथे वापरता येते, पण धडकांची वारंवारता घालूनच. आणि धडकांची वारंवारता वायूच्या घनतेवर, म्हणजे पुन्हा वायूच्या तापमानावर. १०^२१ ला त्वचा-खोली प्लाझ्माच्या आकाराएवढी लहान होते, तेव्हा ही पद्धतही सोडावी.

व्यतिकरणमापी (प्रकाशाची कला किती सरकली ते मोजणारं उपकरण) वापरावा का, असं कोणी सुचवलं तर हा हिशेब समोर ठेवा. १०.६ मायक्रोमीटरचा कार्बन डायऑक्साइड लेझर, मिलिमीटरभर वाट, घनता १०^२०: इलेक्ट्रॉनमुळे कला ०.००३ रेडियनने सरकते. वायू तापून विरळ झाल्यामुळे मात्र ०.१ रेडियनने. दोन्ही परिणाम अपवर्तनांक कमीच करतात, त्यामुळे चिन्हावरूनही वेगळे करता येत नाहीत. एकाच रंगाचा व्यतिकरणमापी इथे वायूचं तापमानच मोजतो, आणि त्या कामाला तो चांगला आहे. इलेक्ट्रॉन हवे असतील तर शक्ती स्पंदांत द्या. इलेक्ट्रॉन मायक्रोसेकंदांत बदलतात, वायूला थंड व्हायला शेकडो मायक्रोसेकंद ते मिलिसेकंद लागतात, त्या फरकातून दोघे वेगळे होतात.

इलेक्ट्रॉनच्या तापमानाबद्दल स्पष्ट सांगते: तुमच्याकडच्या साधनांनी ते मिळणार नाही. आर्गॉनच्या रेषांच्या तीव्रतेवरून बोल्ट्झमान आलेख काढला की जे येतं, साधारण ०.४ ते ०.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, ते उत्तेजनाचं तापमान. इलेक्ट्रॉनचं तापमान सहसा त्याहून वर, १ ते १.५ च्या घरात असतं. दोन्ही एक मानायला स्थानिक औष्णिक संतुलन, म्हणजे त्या जागी सगळं एकाच तापमानाला असणं, लागतं, आणि ज्या प्लाझ्मात वायू १००० केल्विनचा आणि इलेक्ट्रॉन दहा हजारांच्या पुढे आहेत, जिथे सुमारे सत्तर हजार अणूंमागे एक इलेक्ट्रॉन आहे, तिथे ते संतुलन नाही. अहवालात त्याला 'उत्तेजन तापमान' म्हणूनच लिहा. ती माहितीही उपयोगाची आहे.

थेट मार्ग थॉमसन प्रकीर्णनाचा, म्हणजे सुट्या इलेक्ट्रॉननी विखुरलेला लेझरचा प्रकाश मोजण्याचा. ५३२ नॅनोमीटरचा लेझर, ९० अंशांतून पाहिलं तर १ इलेक्ट्रॉन-व्होल्टला वर्णपट दोन्ही बाजूंना सुमारे दीड नॅनोमीटर पसरतो, आणि पसरणीवरून तापमान, क्षेत्रफळावरून घनता, दोन्ही एकदम मिळतात. अडचण प्रकाशाच्या तुटवड्याची आहे. आर्गॉनच्या अणूंचं रॅले प्रकीर्णन नेमकं लेझरच्या तरंगलांबीवर शेकडो पट जास्त तेजस्वी असतं, भिंतींवरून येणारा भरकटलेला प्रकाश त्याहूनही जास्त. म्हणून तीन ग्रेटिंगचा स्पेक्ट्रोमीटर किंवा तसलंच गाळणारं काही लागतं. हवा मिसळली असेल तर नायट्रोजनच्या रामन रेषा (रेणूंनी तरंगलांबी बदलून विखुरलेला प्रकाश) याच वर्णपटावर चढून बसतात. शुद्ध नायट्रोजनच्या रामन रेषांनीच आपण ही मांडणी कॅलिब्रेट करतो, त्यामुळे त्या ओळखता तरी येतात. लेझरची ऊर्जा अर्धी करून तापमान बदलतं का ते बघितल्याशिवाय आकडा मानू नका, कारण मिलिमीटरमध्ये केंद्रित केलेला लेझर इलेक्ट्रॉनना तापवतो. रॅलेची तीव्रता मात्र फेकून देऊ नका, ती वायूच्या घनतेचं आणि म्हणून तापमानाचं स्वतंत्र माप आहे. ही मांडणी उभी करायला महिने लागतात. ज्या प्रयोगशाळेत ती आहे तिथे तुमचा रेझोनेटर घेऊन जाणं जास्त शहाणपणाचं.

जागेचा प्रश्न राहिला. फायबर नुसतं समोर धरलं तर सगळ्या प्लाझ्माची सरासरी येते, आणि त्यात फटीतला गाभा आणि कडेची फिकट झुळूक यांची खिचडी असते. भिंगाने प्लाझ्माची तीन-चार पट मोठी प्रतिमा झिरीवर पाडा, आणि प्लाझ्माच्या जागी बारीक रेघांची पट्टी ठेवून मोठेपणा प्रत्यक्ष मोजा. गोलाई खरोखर सममित असेल तरच आबेल उलटफेर (बाजूने दिसणाऱ्या बेरजेतून आतली मांडणी काढायचं गणित) करा. अक्षाजवळ तो गोंगाट फार वाढवतो, म्हणून मधल्या दोन-तीन बिंदूंवर निष्कर्ष टांगू नका. क्वार्ट्झच्या नळीतून बघत असाल तर नळी स्वतः भिंगासारखी वागते, तेव्हा पट्टी नळीच्या आतच ठेवून मोजमाप करा.

आणि तुमचा छोटा स्पेक्ट्रोमीटर अडगळीत टाकू नका. तो एका कोपऱ्यात कायमचा बसवा, जागा आणि झिरी न हलवता, आणि प्रत्येक मोजमापाच्या आधी-नंतर २५० ते ८५० नॅनोमीटरचा पूर्ण वर्णपट साठवा. ओएचचा पट्टा हळूहळू वाढतोय म्हणजे नळीतून ओल सुटतेय. ३३७.१ उगवला म्हणजे जोड गळतोय. तांब्याच्या ३२४.७ आणि ३२७.४ नॅनोमीटरच्या रेषा दिसू लागल्या म्हणजे प्लाझ्मा इलेक्ट्रोडला खातोय आणि फटीची भूमिती बदलू लागली आहे, तेव्हा लूपचं कॅलिब्रेशन पुन्हा करा.